मिनोसेच्या कान्नोनची पाठ

मिनोसे, १४ ऑक्टोबर

ताई,

आधी रागावून घे, मग वाच. फोन तळ्यात पडला. मी मासे पकडायला गेलो नव्हतो, मासे पकडणाऱ्या एका माणसाकडे बघत उभा होतो, तो म्हणाला जाळ्याचं टोक धर, मी धरलं, आणि खिसा वाकला. त्यामुळे आता पत्रं. तसंही फोनवर तू मला पुरं बोलू देत नाहीस.

हे पत्र आईला वाचून दाखवू नकोस. तिच्यासाठी सोबत कार्ड टाकलंय, त्यात सगळं छान छान आहे.

तू नेमून दिलेलं काम झालं. डॉक्टर म्हणाले तसं पुढच्या पावसाळ्यापर्यंतच आईची नजर टिकणार असेल, तर त्याआधी तिला इथे, तिच्या लहानपणच्या गावी, आणता येईल. बस देवळाच्या वळणापर्यंत येते, पायऱ्या थोड्या आहेत, कठडा आहे. रस्ता तिला झेपेल. मला खटकतंय ते दुसरंच.

देवळाला कुलूप होतं. इथे कुणी भिक्षू राहत नाही, गावच सांभाळतं. दारावर पाटी होती: दर्शन हवं असल्यास या नंबरवर फोन करा. माझा फोन माशांकडे. म्हणून समोरच्या वाफ्यात मुळे उपटणाऱ्या एका म्हातारीला विचारलं, तर ती म्हणाली, "नंबर माझाच आहे." गळ्यातल्या दोरीला किल्ली होती, ती तिने बाहेर काढली, पण जागची हलली नाही.

"कुठला तू?"

"ओसाकाकडचा."

"ओसाका मोठं आहे."

"साकाई."

"साकाईत देवळं नाहीत?"

"इतकी जुनी नाहीत, आजी."

"जुनी म्हणजे किमतीची, असंच ना?"

मी म्हटलं, "असेल, किती किंमत असेल हो?" नुसतं आपलं तोंडातून निघालं. तिने माझ्या तोंडाकडे बघायचं सोडून हातांकडे बघायला सुरुवात केली. तिचं नाव तोमे. आत गेल्यावर ती माझ्या आणि कान्नोनच्या, त्या करुणेच्या देवीच्या, मधेच उभी राहिली. मूर्तीची माहिती पाठ केल्यासारखी सांगितली: हजार वर्षांपूर्वीची, एका लाकडातली, अकरा मुखं, लढायांच्या काळात गावाने तिला दोनदा शेतात पुरून वाचवलं. मी चटईच्या कडेपुढे पाय टाकला की ती खोकायची.

आणि ताई, मूर्ती बघून मला काहीच वाटलं नाही. आईने सांगितलेलं आठवून मी मुद्दाम हात जोडून बराच वेळ बसलो. रंग काळपट आहे, चेहरा शांत आहे, सगळं आहे. पण तिच्यावरची धूळ फ्रिजवर बसते तशी बसलीय. लाकडावर धूळ अशी बसत नाही. मी सफरचंदांच्या खोक्यांवर दोन हंगाम काढलेत, मला माहीत आहे.

आपलं सुगिता हे आडनाव मी काढलं नाही. आईने बजावलं होतं म्हणून. का बजावलं ते मात्र तिने सांगितलं नाही.

अजून थोडे दिवस राहतो. मुराई काका म्हणून इथले म्होरके आहेत, मुळे वाहून द्यायच्या बदल्यात त्यांनी गोठ्यावरची खोली दिलीय. रात्री आंबवलेला मासा खायला घालतात. वास असा की मांजरसुद्धा आधी विचार करतं.

केंगो


साकाई, २१ ऑक्टोबर

केंगो,

रागावून झालं.

आईला कार्ड वाचून दाखवलं. तिने ते हातात घेऊन तोंडाजवळ धरलं. तिला आता नळीतून बघितल्यासारखं दिसतं, त्यामुळे एकेक अक्षर हुडकत गेली आणि म्हणाली, "केंगो खोटं बोलतोय, अक्षर फार नीट आहे."

आता मला विचारू दे. तू त्या बाईला किंमत का विचारलीस? नुसतं तोंडातून निघालं म्हणतोस. बाबांचं घड्याळसुद्धा नुसतं हातातून निघालं होतं, आणि मग ते तेन्नोजीच्या गहाणवटीच्या दुकानाच्या काचेमागे दिसलं होतं. मी जुनं उकरत नाही. पण माझा भाऊ एका कुलूपबंद देवळात जाऊन मूर्तीच्या धुळीचा अभ्यास करतो, आणि वर "अजून थोडे दिवस राहतो" म्हणतो, तेव्हा मला झोप लागत नाही. तू कुठेही थोडे दिवस राहतोस तेव्हा पुढे काहीतरी निस्तरायला मीच येते.

तुझ्या म्हणण्यात तथ्य असेल तर एक खूण आहे. मी आईला सहज विचारल्यासारखं केलं. ती म्हणाली, वर्षअखेरीच्या साफसफाईला मूर्ती पुढे ओढायचे आणि लहान मुलांना मागे शिरून पुसायला लावायचे, कारण मोठी माणसं मावायची नाहीत. म्हणून तिला चेहऱ्यापेक्षा पाठच जास्त आठवते. खाली, वस्त्राच्या काठाला, भाजल्याचा डाग आहे. तळव्याएवढा. लढाईत देऊळ पेटलं तेव्हाचा. त्यावरून हात फिरवला की बोटाला वाळल्या भाकरीसारखं लागायचं, म्हणाली. हे सांगताना तिचा हात मेजावर फिरत होता.

तिला एवढंच बघायचंय. चेहरा नाही, तो डाग.

पाठ बघता आली तर बघ. विचारून बघ. समजलं का? विचारून.

चिनात्सु


मिनोसे, २९ ऑक्टोबर

ताई,

विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही.

झालं असं. परवा एका सहलीच्या गाडीतून म्हातारे-म्हातारे लोक आले. तोमेआजीने देऊळ उघडलं. मी त्यांच्यात मिसळलो. माझ्या गाडीचा डावा आरसा काढून अंगरख्यात घातला होता. (आरशाचा आटा आधीपासून ढिला होता, तो दुरुस्त करणार होतो, ते राहूनच गेलं होतं, तर म्हटलं बरं झालं.) लोक आजीला प्रसादाच्या फळांचं विचारत होते, तेवढ्यात मी कडेला बसून आरसा कान्नोनच्या मागे सरकवला.

डाग नाही, ताई. पाठ गुळगुळीत आहे. आणि मानेपासून खालपर्यंत एक बारीक सरळ शिवण आहे, खेळण्यातल्या बाहुलीला असते तशी. मी नखाने टिचकी मारली. लाकूड असं वाजत नाही. ते प्लास्टिक आहे.

मी मान वर केली तर आजी माझ्याकडे बघत होती.

"काय हरवलं का रे तिथे?"

"नाणं पडलं, आजी."

"आरशात शोधतोस?"

एका म्हाताऱ्याला हसू आलं. आजीला नाही. तिने सगळ्यांना बाहेर काढलं, कुलूप लावलं आणि ओढून बघितलं. माझ्यासमोर दोनदा ओढून बघितलं.

संध्याकाळी गस्तीचा पोलीस सायकलवरून आला. चांगला होता बिचारा, आधी मुळ्याचं लोणचं खाल्लं. मग माझं नाव, पत्ता विचारला. पत्ता काय सांगू? साकाईचा दिला. नाव सांगताना नुसतं केंगो म्हटलं, आडनाव विचारलं तेव्हा मला खोकला आला आणि मी होरिउचि सांगितलं. म्हणजे तुमचं. दुसरं सुचलंच नाही. त्याने गाडीचा नंबर लिहून घेतला. मुराई काका दारात उभे होते. जाताना ते म्हणाले, "खोलीला आतून कडी नाहीये, माहिती आहे ना? बाहेरून आहे."

पण मी चोर नाही, आणि इथे चोर नक्की कुणीतरी आहे. तोमेआजीच्या घराला नवं कौल आहे. दारात नवाकोरा छोटा ट्रक. गावात म्हाताऱ्यांशिवाय कुणी नाही, सगळे मुळे विकतात, आणि मुळ्यावर कौलं येत नाहीत. खरी कान्नोन विकलीय यांनी, आणि जागेवर बाहुली बसवलीय. आणि ही माणसं रोज सकाळी त्या बाहुलीपुढे पाणी ठेवतात, फुलं बदलतात, इतक्या गंभीरपणे की बघवत नाही.

आईला आणू नकोस. तिने हात फिरवायला मागितला तर काय फिरवायचा?

केंगो


साकाई, ४ नोव्हेंबर

केंगो,

पोलिसाचा फोन इथे आला होता. विचारत होता, होरिउचि केंगो नावाचं कुणी आहे का. हे घरी होते, त्यांनी सरळ "नाही" सांगितलं. माझ्या नवऱ्याला तुझ्यासाठी खोटं बोलायची सवय नाही, त्याला वेळ लागतो. मग मी फोन ओढून घेतला आणि भाऊ आहे, जरा विचित्र आहे, एवढं सांगितलं. आता त्यांच्या वहीत तू खोटं आडनाव सांगणारा माणूस आहेस. छान.

आमच्या ह्यांचं म्हणणं तुझ्यासारखंच आहे: मूर्ती विकली असणार. त्यांचं म्हणणं तुझ्यासारखं निघालं की मला ते खोटं वाटायला लागतं. पण दुसरं काय असेल ते मला सुचत नाही. तुझं शिवण-बिवण खरं का, हाही प्रश्न आहेच. आरशात, घाईघाईने, चोरून बघितलेलं.

शेवटी मी आईला सगळं सांगितलं. नाइलाज होता. तिने बॅग भरायला घेतली होती. एप्रिल लांब आहे म्हटलं तर म्हणाली, मला कपडे दिसताहेत तोवर घड्या घालून ठेवते.

ती रडली नाही. म्हणाली, "त्याला नाव सांगायला सांग." मग कारण बोलली. त्या देवळाचा मान गावातल्या घरांमध्ये दरवर्षी फिरतो. ज्या घराकडे मान, त्या घराने वर्षभर किल्ली, पाणी, फुलं, साफसफाई सगळं बघायचं, आणि नव्या वर्षाला पुढच्या घराच्या हाती द्यायचं. आई लहान असताना एका वर्षी तो सुगितांकडे, म्हणजे आजोबांकडे, होता. आजोबांना साकाईच्या कारखान्यात लगेच रुजू व्हायचं होतं. गाव म्हणालं, वर्ष पुरं करून जा. आजोबा थांबले नाहीत. भर उन्हाळ्यात एका सकाळी किल्ली शेजारच्या घराच्या ओट्यावर ठेवली आणि पहिल्या बसने सगळे निघाले. कुणाला सांगितलं नाही. आई खिडकीशी बसली होती, म्हणाली. ते शेजारचं घर कामियांचं. तुझी तोमेआजी कामिया का रे?

म्हणून आजोबा नंतर कधी तिकडे गेले नाहीत, आणि तिलाही जाऊ दिलं नाही.

नाव सांग. आणि मग लगेच परत ये. माझा त्या गावावर विश्वास नाही, आणि गावाचा तुझ्यावर नाही, आणि दोन्ही बाजूंना कारण आहे.

चिनात्सु


मिनोसे, १३ नोव्हेंबर

ताई,

कामियाच. तिच्याच सासूच्या ओट्यावर.

मी मुराई काकांकडे गेलो तेव्हा रजई ओढलेल्या शेगडीच्या मेजाभोवती सगळं गाव बसलं होतं. सगळं गाव म्हणजे सहा जण आणि एक कुत्रा. माझ्याचबद्दल चाललं असावं, कारण मी शिरल्यावर सगळे हवेबद्दल बोलायला लागले. मी उभ्या उभ्याच म्हटलं, "माझं आडनाव सुगिता. किनुएचा मुलगा मी."

तोमेआजी म्हणाली, "इकडे ये. कान दाखव." माझा कान धरून दिव्याकडे वळवला. "किशिरोचाच कान, तुझ्या आजाचा. हट्टी, चिकटलेला."

"वडील कोण मग? सुगितांना मुलगा तर नव्हता एकही," मुराई काकांनी विचारलं.

"बाबा घरजावई होते. आडनाव आईचंच."

"मग घर चालू आहे म्हणायचं."

"चालू म्हणजे, मी आहे."

"ते दिसतंच आहे," आजी म्हणाली. "आरसा घेऊन फिरतं ते घर."

सगळे हसले, आणि मला पहिल्यांदा चहा मिळाला. मग मी सरळ विचारलं, मूर्ती विकली का म्हणून. तुला वाटेल तिथे माझं नरडं धरतील. आजीने नुसता माझ्या कपाळावर चमचा मारला. ट्रक म्हणे मुलाने घेऊन दिलाय, आणि कौलं वादळात उडाली होती म्हणून विम्यातून आली.

गोष्ट अशी आहे. काही वर्षांपूर्वी डोंगरापलीकडच्या गावात गोड बोलणारी माणसं आली, दर्शन घेऊन गेली, आणि पुढच्या आठवड्यात तिथली मूर्ती गेली. त्या गावातही म्हातारेच. मग मिनोसेच्या लोकांनी शहरातल्या कॉलेजच्या मुलांकडून कान्नोनची मापं काढून यंत्रातून एक दुसरी बनवून घेतली. ती देवळात बसवली. "आणि खरी?" मी विचारलं.

"मानाच्या घरी."

"यंदा मान कुणाकडे आहे?"

सगळे चहाकडे बघायला लागले. किल्ली आजीकडे असते ती आता नुसती दाराची. मानाचं घर कुठलं ते बाहेरच्याला सांगत नाहीत, आणि खरी कुठे ठेवलीय ते त्या घराशिवाय कुणाला माहीत नसतं. नव्या वर्षाला घर बदललं की कुठे ठेवली तेही बदलतं. लढाईच्या वेळीसुद्धा म्हणे असंच होतं, पुरणाऱ्या दोघांनाच जागा माहीत. बघायचं तेही त्या घराच्या माणसांनीच. आजी म्हणाली, "मलाही दिसून बरीच वर्षं झाली. मी त्या बाहुलीलाच सगळं सांगते. ती सांगेल तिकडे."

मी म्हटलं आई आंधळी होतेय, एकदा बघू द्या. मुराई काका म्हणाले, "किनुएला कोण नाही म्हणतंय? पण मान नसलेल्या घराला दाखवली तर मग हे सगळं कशाला केलं?" मग आजीकडे बघून म्हणाले, "सुगितांचा मान अर्धा राहिलाय."

म्हणजे मी इथे राहायचं. नव्या वर्षापासून वर्षअखेरपर्यंत. मान सुगितांकडे येईल, मग सुगितांच्या घरातलं कुणीही बघू शकेल. आई.

वर्षभर, ताई. मला एका गावाचा हिवाळा आणि उन्हाळा दोन्ही बघितल्याचं आठवत नाही. ओकिनावाला एका बोटीवर माणसं हवी आहेत, जाळंवाला सांगत होता. काय करू?

केंगो


साकाई, २० नोव्हेंबर

केंगो,

तुझ्या पत्राचा मी काय अर्थ लावते ते सांगते, तू लावला नाहीस म्हणून.

मूर्ती गेलेली आहे. चोराने नेली असेल, यांनी विकली असेल, काहीही. आता ती "मानाच्या घरी" आहे, कुठल्या ते सांगायचं नाही, कुणी बघायचं नाही. इतकी सोयीची गोष्ट मी आजवर ऐकली नाही. आणि सहा म्हाताऱ्यांच्या गावाला छपरावरचा बर्फ काढायला एक तरुण, रिकामटेकडा, कपाळावर चमचा खाऊन हसणारा माणूस आयता मिळालाय. वर्षभर राबवून घेतील आणि शेवटी म्हणतील, पुढच्या वर्षी बघू.

पण मी हे आईसमोर बोलले, आणि ती म्हणाली, "नसेल तर नसेल. तो राहिला तर मी जाईन."

तेव्हा ऐक. तू राहतो म्हणून सांगितलंस आणि मार्चमध्ये बोटीवर गेलास, तर सुगितांनी दुसऱ्यांदा तेच केलं असं होईल, आणि या वेळी आईला बसच्या खिडकीतून काही दिसणारही नाही. राहायचं नसेल तर आत्ताच नाही म्हण. तुझा एखादा अंगरखा फाटेपर्यंतसुद्धा तू एका जागी राहिलेला मला माहीत नाही. मी तुला आग्रह करत नाही, आणि राहशील यावर माझा विश्वासही नाही.

जाड मोजे पाठवतेय. ते विश्वासाचे नाहीत, थंडीचे आहेत.

चिनात्सु


मिनोसे, १८ जानेवारी

ताई,

मधे लिहिलं नाही. बर्फ खिडकीच्या वर गेलाय, टपालवाला दोन दिवसांआड येतो. मोजे चांगले आहेत. सुगितांचं जुनं घर पडून गेलं, म्हणून वरच्या गल्लीतलं एक रिकामं घर दिलंय, त्याला सध्या सुगितांचं म्हणतात.

नव्या वर्षाच्या पहाटे जे व्हायचं ते झालं. त्याबद्दल लिहिता येत नाही. लपवतोय असं नाही. म्हणजे, लपवतोय, पण तुझ्यापासून असं नाही.

रोज देवळात पाणी नेतो. छपरांवरचा बर्फ काढतो, तुझं बरोबर होतं, सगळ्यांचा काढतो. तोमेआजी खालून ओरडते, "कौल फुटलं तर विम्यातून घेईन हं." बोट गेली असेल एव्हाना. जाळंवाल्याचं कार्ड आलं होतं, त्यावर कासव होतं.

एप्रिलमध्ये आईला आण. चेरी उशिरा फुलते इथे, त्याआधीच या, तेव्हा गर्दी नसते. बस नको, गाडीने या. बाकीचं आल्यावर.

केंगो


साकाई, १६ एप्रिल

केंगो,

"बाकीचं आल्यावर" म्हणजे काय ते कळलं.

तुला जानेवारीतच माहीत होतं. मला लिहिता आलं असतं. आईला धरून मी पायऱ्या चढवल्या, तुझ्या त्या घराच्या दारात बुटांचे बंद सोडायला वाकले, आणि तोमेआजींनी विचारलं, "तू कुठल्या घरची गं?" मी म्हटलं होरिउचि. त्या म्हणाल्या, "मग तू गाडीत बस, पोरी. चहा पाठवते." फार मायेने म्हणाल्या, म्हणून जास्तच लागलं. तू दारात उभा होतास आणि आपल्या पायांकडे बघत होतास.

मी गाडीत बसले. बारीक पाऊस होता. चहा आला, निवला. आईचं आडनाव सुगिता, तुझं सुगिता, आणि मी लग्न करून गेले म्हणून मी बाहेरची. रोज तिच्या डोळ्यांत थेंब मी घालते. दवाखान्याच्या रांगेत मी बसते. तू आठवड्याचे सात दिवस कुठे असायचास ते विचारू नये असं घरात ठरलेलंच होतं. आणि तू आत.

आई बाहेर आली ती तुझ्या खांद्यावर हात ठेवून. तळ्याच्या काठाने येताना खिडकी उघडी ठेवून बसली होती, बंद करू दिली नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "आई, खरी होती का गं?" तर म्हणाली, "चिनात्सु, भूक लागलीय." दुसऱ्या दिवशी विचारलं. म्हणाली, "मला सांगता येणार नाही, तू विचारू नकोस." मला. मी विचारू नको.

माझा संशय स्पष्ट लिहिते. आत काही नव्हतं. तू तिला प्लास्टिकची दाखवलीस, पाठीवर काहीतरी खरवडून ठेवलंस, आणि तिच्या बोटांना ते कळलं. तुझी लाज राखायला ती गप्प बसलीय. ती तुझ्यासाठी नेहमीच गप्प बसते.

तसं नसेल तर एका शब्दाचं उत्तर पाठव. पाठ भाजलेली आहे का? हो किंवा नाही. तू माझा भाऊ असशील तर एवढं लिहिशील.

चिनात्सु


मिनोसे, २५ एप्रिल

ताई,

तो एक शब्द मी लिहीत नाही. चार दिवस कागद समोर ठेवून बसलो. हो लिहिलं तरी तू विश्वास ठेवणार नाहीस, आणि नाही लिहिलं तर ठेवशील, पण ते कारण नाही. कारण एवढंच की मान सुगितांकडे आहे आणि वर्ष पुरं झालेलं नाही. एरवी मी तुला काहीही लिहून दिलं असतं, तुला माहीत आहे. हो-नाही दोन्ही लिहून दिलं असतं.

तुला आधी सांगायला हवं होतं हे खरं. सांगितलं असतं तर तू आईला आणलं नसतंस अशी भीती वाटली. तू आणलंच असतंस हे आता कळतंय.

मी हल्ली गावाबाहेर झोपत नाही. परवा मुराई काका म्हणाले, चल, तळ्यावर महोत्सव आहे, रात्री मुक्काम करू. मी पोटाचं निमित्त सांगितलं. ते हसले आणि काही विचारलं नाही. प्लास्टिकसाठी मी घरी बसलो असतो का, ते तूच ठरव. तू मला माझ्यापेक्षा जास्त ओळखतेस, निदान तसं म्हणत तरी असतेस.

आता, काय बघितलं ते सांगायचं नाही असा नियम आहे. काय बोलली ते सांगायचं नाही असा नाही. मी काल तोमेआजीला विचारलं. तिने बरंच पुटपुटून घेतलं, म्हणाली सुगितांना नेहमी पळवाट लागते, पण नाही म्हणाली नाही.

आत गेल्यावर आईने मला भिंतीकडे तोंड करून बसायला सांगितलं. म्हणून मी बसलो. तिचे हात कुठे होते ते मी पाहिलं नाही. मग ती बोलायला लागली, घरात स्वयंपाक करताना बोलते तशी, मोठ्याने.

म्हणाली, "माझी मोठी बाहेर गाडीत बसलीय. नियम तुमचा आहे, म्हणून मी ऐकलं. पण माझे डोळे आता तीच आहे. ते बाहेर ठेवून आलेय, तेवढं समजून घ्या." मग तुझं सगळं सांगितलं. तू पहाटे उठतेस, थेंब घालताना तुझा हात गार असतो म्हणून आधी कपावर धरून गरम करतेस. तुला वाटतं तिला ते कळत नाही. तुझी कंबर दुखते आणि तू कुणाला सांगत नाहीस. तू हल्ली हसत नाहीस, पूर्वी जेवताना हसायचीस आणि बाबा रागवायचे. एवढं मागितलं तिने, की तुला कुणीतरी मिळो, म्हणजे नवरा आहेच, पण बसून बोलायला कुणीतरी. स्वतःच्या डोळ्यांचं एक अक्षर बोलली नाही. आजोबांबद्दल एकच वाक्य बोलली, ते मी सांगत नाही, ते तिचं आहे.

चहा निवेपर्यंत जे चाललं होतं, ते बरंचसं तुझ्याबद्दलच चाललं होतं, ताई.

शेवटी थांबली. मला वाटलं आता माझं काहीतरी येईल. बर्फ काढला, वर्षभर राहतोय, असं काहीतरी. तिने नाक पुसलं आणि म्हणाली, "आणि हा एक आहे."

पुढे काही बोललीच नाही. मी भिंतीकडे तोंड करून वाट बघत होतो.

केंगो